निर्जळी उपासाचा लाल तुरा

मी एक परदेशी फुलझाड बोलतोय. परदेशी म्हटल्यावर सावरून बसू नका. राहतो इंझोरीजवळच्या तांड्यावर, हिरीबाईच्या अंगणात. मूळ मात्र दूर समुद्रातल्या एका उबदार बेटावरचं.

हिरीबाईची सून रेणू पुण्याकडे एका रोपवाटिकेत कामाला होती. परतताना तिने पदराच्या गाठीत माझं बी आणलं. पहिलं वर्षभर मी नुसती पानं काढली. आमची रीतच ती: एक वर्ष पानांचं, दुसरं फुलांचं, मग बी देऊन राम म्हणायचं.

पण हिरीबाईला कुठला धीर! "काहून पोसून राह्यली व हे गवत? ना फूल, ना भाजी. उपटून फेक!" रोज एवढं बोलायची आणि माझ्याभोवतीच्या कोंबड्याही तीच हाकलायची. अशी तिची तऱ्हा.

यंदा माघात माझा तुरा वर चढला, हिरीबाईच्या डोक्याच्याही वर. अंगभर लालबुंद फुलं! झालं, गवताचा देव झाला. हळदकुंकू लागलं, नारळ फुटला आणि येईल ती बाई तांब्याभर पाणी ओतू लागली. हिरीबाईचे दोन तांबे. अहो, माझं कूळ कोरड्या खडकांवरचं! मुळं कुजायला लागली. खालची पानं काळी पडली की बाया म्हणायच्या, "देव कोपला व माय!" आणि आणखी ओतायच्या. मी खरंच भ्यालो. मरणाला नाही, पण बी न धरताच गेलो असतो, तर इथे माझ्यामागे कोणीच उरलं नसतं.

रेणूला सगळं कळत होतं. पण देवाला पाणी घालू नका, असं सासूला सांगणार कोण? तीन दिवस ती नुसती माझी काळी पानं खुडत राहिली. चौथ्या दिवशी तांब्याला आडवीच आली.

"थांबा माय! याचा निर्जळी उपास हाय."

"कोनं सांगतलं तुले?"

"त्याच्या गावची रीतच हाय तशी. बी पडेपर्यंत थेंब नाही घेत तो."

इतकं सफाईदार खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं. अर्धं खरंच होतं म्हणा!

हिरीबाई हादरली. देवाचा उपास मोडायचा म्हणजे काय? त्या दिवसापासून काठी घेऊन तीच राखणीला बसली. शेजारची मनकर्णाबाई तांब्या घेऊन आली, तर तिलाही आल्या पावली परत धाडलं. आणि रेणूला रोज एकच विचारायची, "कदी सुटते व याचा उपास? सुकून चालला बिचारा."

आज सकाळी रेणूने तुरा हलवला आणि बारीक बी तिच्या ओंजळीत पडलं. ओंजळ भरली. मी आता शेंड्यापासून बुडापर्यंत वाळलोय, दोन-चार दिवसांचा सोबती. हिरीबाई भरला तांब्या घेऊन समोर उभी आहे.

"सुटला ना व आता?"

रेणू मान हलवते. तिचे डोळे भरलेत.

ओत माय, ओत. आता पोटभर ओत.