एक्स्पर्ट लिहिलेला पत्रा

मी पत्र्याचा बोर्ड बोलतोय. भोईवाड्यात, कोर्टाकडे जाणाऱ्या गल्लीत टांगलेला. घाई नसेल तर ऐका, मला भरभर बोलता येत नाही.

माझ्यावर दोन ओळी होत्या. वर 'सीताराम टेलर', खाली 'वकिली कोटाचे एक्स्पर्ट'. तो शब्द पेंटरनंच सुचवला. सीतारामनं विचारलं, "म्हणजे काय रे?"

"ज्याच्या हातात कापड देऊन माणूस निवांत घरी जातो, तो."

सीताराम लाजला. पण लिही म्हणाला.

मग खूप ऊन खाल्लं मी. खंडेनवमीला मशिनीला हार घातला की मलाही घालायचे. पण हळूहळू तो शब्द जिकडंतिकडं झाला. समोर मोबाईलचा एक्स्पर्ट, बाजूला केसगळतीचा. कॅरमवर एक सोंगटी गेली तरी पोरं ओरडतात, "एक्स्पर्ट आहेस रे तू!" ऐकून ऐकून शीण येतो.

सीतारामचं सगळं आयुष्य काळ्या कापडावर काळा दोरा घालण्यात गेलं. डोळेही त्यातच गेले. यंदा चाळीतली अक्षदा वकील झाली. तिचा पहिला कोट त्यानं मोठ्या हौसेनं शिवला. कोर्टातून ती तशीच दुकानात आली, हसत.

"काका, बोलायला हात वर केला की कोट म्हणतो, बस खाली!"

डावी बाही उजवीकडे बसली होती. सीताराम हसला नाही. शिवण चाचपत राहिला.

"आधीच सांगायला हवं होतं गं. काळ्यावर काळं दिसत नाही आता."

"असू दे हो. मला तुमच्याच हातचा हवा होता."

"तू घरची. तू चालवून घेशील. परक्या माणसानं का घ्यावं?"

त्यानं रंगाचा डबा शोधला, स्टूल ओढलं. त्याची बायको ललिता आतून धावत आली. "अहो, ती ओळ पुसू नका! ती वाचून तर गिऱ्हाईक येतं."

"म्हणूनच पुसतोय."

अक्षदानं स्टूल धरलं. ब्रश गार लागला मला.

आता माझ्यावर नुसतं नाव आहे. काळा कोट आला की तो हात जोडून परत पाठवतो. दुपारी दुकान रिकामंच असतं. वकीलमंडळी, जाता-येता आत एकदा डोकावत जा. गळ्याचे पांढरे बँड त्याच्याकडून शिवून घ्या. पांढरं त्याला अजून दिसतं.