विहिरीतलं औषध

“डाक्टरसाहेब, पेनिशिलीन हाय का तुमच्याकडं?”

दवाखान्याच्या उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या, लढाईवरून परतलेल्या सयाजी पवाराच्या तोंडून हा शब्द आला तेव्हा डॉक्टर गद्रे हातातलं काम सोडून त्याच्याकडे बघतच राहिले. पाटणात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. रोग्यांनी त्यांच्याकडे लाल औषध मागितलं होतं, कडू मागितलं होतं, ‘सुईच टोचा’ असा हट्ट धरला होता. पण औषधाचं नाव घेऊन मागणारा हा पहिलाच.

“हे नाव तुला कुणी सांगितलं?”

“सांगतंय कोण? मलाच दिलंय की इटलीत. मांडीत लोखंडाचा तुकडा शिरल्याला. पाय सडाय लागला, वास मारायचा. गोरा डाक्टर म्हनला, कापावा लागंल. मग ही पिवळी इंजिक्शनं आली. दर तीन तासाला सुई. लय दुखायची बघा. पर पाय ऱ्हायला.” त्यानं जमिनीवर पाय आपटून दाखवला. “माज्या भनीला त्येच द्या.”

सयाजीची बहीण विजयमाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला, आणि तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप चढला तो उतरेचना. तिचा नवरा अजून पलटणीतच होता. डॉक्टर रोज नदीपलीकडच्या मळ्यावर जाऊन तिला बघत होते, सल्फाच्या गोळ्या देत होते. या गोळ्यांनी गेल्या काही वर्षांत त्यांच्या हातून कितीतरी बाळंतिणी वाचल्या होत्या. विजयमालेला मात्र त्या लागू पडत नव्हत्या, आणि कालपासून तिची लघवी कमी होऊन तांबूस येत होती. गोळ्या पुढे रेटणंही आता धोक्याचं होतं. तिला हॉस्पिटलात हलवावं, तर बैलगाडी आणि मोटारीचे धक्के तिला सोसले नसते.

“मी ते औषध अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही, सयाजी,” डॉक्टर म्हणाले. “मासिकात वाचलंय तेवढं. पण सांगलीत माझ्या ओळखीचा औषधवाला आहे. त्याच्याकडे नुकतंच येऊ लागलंय असं कळलं होतं.”

“चिठ्ठी द्या. बाळंतपनातला ताप हाय, थांबाय नगं. आत्ताच्या मोटारीनं जातो.”

दवाखाना पुढच्या दोन खोल्यांत आणि डॉक्टरांचं बिऱ्हाड मागच्या तीन खोल्यांत होतं. मधल्या दाराशी डॉक्टरांची बायको शरयू उकळलेल्या सुयांचं भांडं घेऊन उभी होती. ‘बाळंतपण’ एवढा एक शब्द तिच्या कानांवर पडला आणि भांडं तिथंच चौकटीपाशी टेकवून ती आत निघून गेली.

डॉक्टरांनी ते पाहिलं. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. त्यांची एकुलती मुलगी शकुंतला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि याच तापानं याच घरात गेली. बाप डॉक्टर असून उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवण्यापलीकडे त्याला काही करता आलं नव्हतं. सल्फाच्या गोळ्या तेव्हा मुंबईला पोचल्या होत्या, पाटणला पोचायला वर्ष लागलं. ती पहिली बाटली कपाटात लावताना शरयूनं पाहिली आणि एवढंच विचारलं, “याच का त्या?” त्यानंतर तिनं औषधांबद्दल कधी काही विचारलं नाही. पूर्वी मुंबईहून टपालानं इंग्रजी मासिक आलं की डॉक्टर त्यातलं काहीबाही तिला मराठीत सांगत, आणि तीही भाजी निवडता निवडता प्रश्न विचारी. तेही थांबलं. सुया ती उकळून देई, पट्ट्या फाडून देई. बाळंतिणीच्या खोलीत मात्र तिनं पुन्हा पाऊल टाकलं नव्हतं. ओटी भरायला, बारशाला, कुठंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत सयाजी परत येणार होता. डॉक्टर बॅग भरत होते. स्टोव्ह, पितळी डबा, दोन पिचकाऱ्या, स्पिरिट. मासिकातलं ते पान त्यांनी पुन्हा एकदा काढून वाचलं.

शरयू दारात आली. “तीन-तीन तासांनी सुई द्यायची म्हणजे तिथंच राहावं लागेल.”

“हो.”

“आणि दवाखाना?”

“कोंडीबा आहे.” कोंडीबा त्यांचा कंपाउंडर. “नडलेलं असेल त्यांना मी येऊन-जाऊन बघेन.”

“येऊन-जाऊन कसं बघाल? सुई चुकली तर?”

“औषध अंगात टिकत नाही गं. लघवीवाटे निघून जातं. चुकली की रोगाला पुन्हा जोर.”

शरयूनं खुंटीवरचं लुगडं काढलं, घडी केली, आणि पंच्यात बांधू लागली.

“मला दाखवा कशी टोचायची ती,” ती म्हणाली. “उकळून मी रोजच देते. टोचायलाही येईल.”

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर ती कदाचित थांबली असती. त्यांनी एक मोसंबं आणि पिचकारी तिच्यापुढे ठेवली.

सयाजी आला तो थेट मोटारीतून उतरून, छातीशी थर्मास धरून. त्यातला बर्फ वाटेतच वितळून गेला होता, पण बुचाच्या छोट्या बाटल्यांतली पिवळसर भुकटी कोरडी आणि नीट होती.

पवारांच्या मळ्यातलं घर कौलारू, शेणानं सारवलेलं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटलेली, ओवा-शेपांचा धूर कोंडलेला. बाजेवर विजयमाला डोळे अर्धे मिटून पडली होती, आणि मधूनच हुडहुडी भरून तिचे दात वाजत. तिची आई मनुबाई पायांशी बसून होती. मुलीच्या दंडाला तिनं यमाईचा अंगारा बांधला होता. शरयूला आत येताना पाहून ती उठून उभी राहिली.

“आवं, डाक्टरीणबाई, तुमी?”

“मी राहणार आहे इथं,” शरयू म्हणाली. उंबऱ्याशी तिचे पाय क्षणभर अडले होते, ते एकट्या डॉक्टरांनी पाहिलं.

भुकटी पाण्यात विरघळवली की औषध गारव्यात ठेवावं लागतं, असं मासिकात लिहिलं होतं. बर्फ तर नव्हता. डॉक्टर अंगणात आले, विहिरीत वाकून बघितलं, पोहरा वर ओढून पाण्याला हात लावून पाहिला. पौषातली थंडी होती, पाणी बोचत होतं. त्यांनी बाटली मेणकापडात गुंडाळली, झाकणाच्या डब्यात घातली, आणि सयाजीनं तो डबा दोराला बांधून पाण्याला टेकेल असा खाली सोडला. दोराचं टोक त्यानं रहाटाला पक्कं बांधलं आणि तरीही हातातून सोडलं नाही.

“भनीचा जीवच हिरीत सोडल्यागत वाटतंय,” तो म्हणाला.

पहिली सुई डॉक्टरांनी दिली. त्यांचा हात अनुभवी होता, पण टोचण्याआधी ते थांबले आणि श्वास घेतला. दुसरी त्यांच्या देखरेखीखाली शरयूनं दिली. विजयमाला ग्लानीत कण्हली, “आई गं.” शरयूनं औषध पूर्ण आत सोडलं आणि सुई काढली. नंतर मात्र ती मागच्या पडवीत जाऊन बराच वेळ भांडी विसळत राहिली.

त्या दिवशी काही फरक पडला नाही. रात्रही तशीच गेली. सयाजी घड्याळ सांभाळी, वेळ झाली की विहिरीवरून डबा ओढून आणी. शरयू पिचकारी उकळून ठेवी. तिनं आणि डॉक्टरांनी पाळ्या लावल्या होत्या. सकाळी कोंडीबाचा निरोप आला की एका रोग्याला धाप लागली आहे, आणि डॉक्टरांना पाटणला जावं लागलं.

“मला परत यायला उशीर झाला तर?”

“तर मी आहे,” शरयू म्हणाली.

मनुबाईनं तिच्यापुढे भाकरी आणि घेवड्याची आमटी आणून ठेवली, आणि मग एकदम अवघडली. “तुमास्नी आमच्या हातचं चालंल का वो?” शरयूनं घरून दशम्या आणल्या होत्या, पहिल्या दिवशी त्याच खाल्ल्या होत्या. तिनं ताट पुढे ओढलं. “वाढा,” ती म्हणाली, “आमटी जरा जास्त वाढा.”

दुपारी विजयमालेचा ताप आणखी चढला. ती बडबडू लागली, नवऱ्याला हाका मारू लागली. मनुबाईनं पदर तोंडात कोंबला. शरयूला हे सगळं ठाऊक होतं. ही बडबड, हे सुकलेले ओठ, आणि यानंतर काय होतं तेही. उठून पळून जावं असं तिला वाटलं. पण सुईची वेळ झाली होती. सयाजी डबा घेऊन दारात उभा होता. तिनं बाटली घेतली, सुई भरली, मांडीवरची जागा स्पिरिटनं पुसली आणि टोचली. मग पुढची वेळ होईपर्यंत कपाळावर घड्या. मग पुन्हा सुई.

संध्याकाळी डॉक्टर परतले तेव्हा गाडीतून उतरताना त्यांना घरात काही आवाज ऐकू आला नाही. ते अंगणातच थबकले. आत जायचा त्यांना धीर होईना.

शरयू बाहेर आली. लुगड्याचा पदर खोचलेला, केस सुटलेले.

“घाम फुटलाय,” ती म्हणाली. “दोन चादरी भिजल्या. झोपलीय ती. नुसती झोपलीय.”

डॉक्टर आत गेले. त्यांनी नाडी धरली, थर्मामीटर लावला, पाहिला, झटकून पुन्हा लावला. मग ते तिथंच भिंतीला टेकून बसले. इतकी वर्षं बाजेशी बसून ते वाट बघत आले होते, रोग थकतो की रोगी याची. आपण काही दिलं आणि त्यानं रोग असा मागे हटला, हे त्यांच्या हातांना अजून खरं वाटत नव्हतं.

त्यानंतरही सुया चालूच राहिल्या, कारण लवकर थांबवल्या तर ताप उलटतो असं मासिकात बजावलं होतं. पण आता सगळ्यांचा सूर बदलला. विजयमाला सुईला ओरडू लागली, तेव्हा सयाजी मोठ्यानं हसला. “वरड, वरड! म्या बी वरडलो हुतो.” तिला भूक लागली. ऊन पाण्यानं अंग पुसून शरयूनं तिच्या केसांतला गुंता सोडवला आणि वेणी घातली.

शरयूला एक भीती होती. ही मुलगी वाचली की पहिला विचार शकूचा येईल, आणि तो कडू असेल. हिला मिळालं ते माझीला का नाही, असा. विचार शकूचाच आला, पण कडू नव्हता. वेणी घालता घालता तिच्या मनात आलं, शकूचे केस याहून दाट होते. इतकंच. कितीतरी वर्षांनी तिला मुलीचे केस आठवले होते, तापाच्या आधीचे.

मनुबाईनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ आणून तिच्या मांडीवर ठेवलं. ते गरम, जड आणि झोपलेलं होतं.

“तुमास्नी लेकरं किती वो?” तिनं विचारलं.

शरयू या प्रश्नाला ‘नाहीत’ म्हणत आली होती. आज तसं म्हणवेना.

“एक मुलगी होती. अशीच गेली. बाळंतपणात.”

मनुबाईचा हात तोंडाशी गेला. मग ती म्हणाली, “आन मूल?”

“मुलगीच झाली. आहे ती. सांगलीला, तिच्या बापाच्या आईपाशी असते. बाराव्या दिवशी घेऊन गेले तिला.” शरयू बाळाच्या मुठीकडे बघत बोलत होती. “त्यांनी पुष्कळदा बोलावलं. मीच गेले नाही. तिला बघितलं की मला तो सगळा ताप आठवेल, असं वाटायचं.”

“आवं, पर तिला बी आई न्हाईच की,” मनुबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात दोष देणं नव्हतं. “तुमाला बघून तिला बरंच वाटंल. म्हनंल, माज्या आईची आई आली.”

बाळ जागं होऊन रडेपर्यंत शरयू त्याला घेऊन बसून राहिली.

निघायच्या दिवशी मनुबाईनं दोघांच्या पायांवर डोकं ठेवलं. गाडीत गुळाची ढेप, घेवड्याचं गाठोडं आणि एक कोंबडी चढवली होती. डॉक्टरांनी हात जोडून कोंबडी तेवढी उतरवली.

“यमाईनं तुमच्या हाताला गुण दिला,” मनुबाई म्हणाली.

“दिला असेल,” डॉक्टर म्हणाले. “औंधला देवीला गेलात की माझाही नमस्कार सांगा.”

विजयमाला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं शरयूचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

सयाजी गाडी हाकत होता. नदीकाठच्या उतारावर ऊन पडलं होतं.

“हे औषध शोधलं कुणी हो?” शरयूनं विचारलं. खूप वर्षांनी तिनं असं काही विचारलं होतं.

“विलायतेतली माणसं आहेत. एकानं पाहिलं, दुसऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून त्याचं औषध केलं. कुबट चपातीवर येते ना, तसल्या बुरशीतून.”

“बुरशीतून?”

“हो. पुढच्या अंकात आणखी येईल. वाचून दाखवीन.”

शरयूनं मान हलवली. मग हात जोडले, कुणाला ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. “त्यांच्या घरची सगळी सुखरूप असोत,” ती म्हणाली.

गाडी पाण्यात उतरली. बैल थांबून पाणी प्यायले. सयाजीनं त्यांना घाई केली नाही.

“मला सांगलीला जायचंय,” शरयू म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

“जाताना परकराचं कापड घेऊन जाऊ. इथंच शिवून नेते.” तिनं थोडा विचार केला. “नऊ वर्षांच्या मुलीला परकर केवढ्या उंचीचा लागतो हो?”

“मला काय ठाऊक?”

“मलाही नाही.”

तिनं गाडीच्या फळीपासून हात वर धरून बघितला. मग थोडा आणखी वर नेला.