चरायला गेलेलं तेल

डिंगोऱ्याच्या धनगरवाड्यातल्या तुकाबाईला अर्धंच बोलून थांबायची खोड होती, आणि त्यापायी सरकारला जमिनीत तेल सापडलं.

झालं असं. मेंढ्यांना खरूज होऊ नये म्हणून ती उन्हाळ्यात दर आठवड्याला त्यांना करंजेल चोळायची आणि ओढ्यातल्या डोहाच्या खालच्या अंगाला धुवायची. मग पाण्यावर तवंग यायचा. घोड्यावरून जाणाऱ्या गोऱ्या साहेबाला तो नेमका दिसला. त्याचा कारकून सावळेराम चौकशीला आला, तर बाई कंबरेवर हात ठेवून ऐटीत म्हणाली, "आमचंच तेल हाय. उन्हाळ्यात सुटतंय." पुढे मेंढ्यांचं नाव घ्यायला तिने तोंड उघडलं, तोवर सावळेरामाने वही मिटलीही होती.

पंधरा दिवसांत डोह सरकारजमा झाला. भोवती बाभळीचं कुंपण पडलं, पहारेकरी बसला. चैत्राचं ऊन, आणि दुसरं पाणी दोन कोसांवर. तुकाबाईच्या चाळीस मेंढ्यांतल्या दोन गाभण मेंढ्या वाटेतच बसल्या, त्या उठल्याच नाहीत. आपल्याच जिभेने त्यांना मारलं म्हणून तुकाबाई खूप रडली.

गाव मात्र अडून बसलं. खणायला कुणी गेलं नाही. लोखंडी नळ ओढायला बैल मागितले, तर गावचे झाडून सगळे बैल एकाच दिवशी लंगडायला लागले. साहेबाने जुन्नरहून माणसं आणली. त्यांना तीस हातांखाली काळा दगड लागला, त्याखाली आणखी काळा दगड. वर डोहातला तवंग विरळ होत होत एक दिवस दिसेनासाच झाला.

साहेब भडकला. तेल गावाने कुठे दडवलं, असं सावळेरामाने तुकाबाईला दरडावून विचारलं.

"चरायला गेलंय," ती म्हणाली. "तुमीच कुंपण घालून हाकललं न्हवं का, राव?"

साहेबाला काही उमगेना. मग तिच्या पुतण्याने, भिमाने, कुंपण बाजूला सारलं आणि करंजेल चोळलेल्या मेंढ्या पाण्यात घातल्या. बघता बघता तवंग चकाकला. साहेबाने बोट बुडवून हुंगलं आणि तेच बोट सावळेरामाच्या नाकासमोर धरलं.

दुसऱ्या दिवशी नळ गाडीवर चढले. डोहाच्या वरच्या अंगाला अडतीस मेंढ्या पाणी पीत होत्या. तुकाबाईने त्या दोनदा मोजल्या, तरी अडतीसच भरल्या. त्यानंतर कुणी कारकून वाड्यावर आला, की ती आधी त्याच्या वहीवर हात ठेवायची आणि बोलणं पुरं झाल्याशिवाय उचलायची नाही.