एका कानाची वायर

माणसाच्या कानात वायर दिसली की तो बहिरा झाला, हे राजूरच्या लोकाह्यनी कोणत्या डॉक्टरापाशी शिकलं ते गणपतीलाच ठाऊक. निस्ती वायर! मी काही कोण्या दवाखान्याच्या पायरीवर कान धरून बसलो नव्हतो.

माहा मेव्हणा वाळूजला कंपनीत हाये. दिवाळीला आल्ता तव्हा त्यानं मला एमपीथ्री प्लेअर आणला. आगपेटीपेक्षा लहान डबी, आत एक पेन्सिल सेल, आन् दीडशे गाणे. दीडशे! आमच्या टेपरेकॉर्डरच्या टायमाला एवढ्या गाण्याला कॅसेटींची पेटी लागायची, आन् निम्म्या कॅसेटींची रीळ पेन घालून गुंडाळावी लागायची.

बसस्टँडापाशी माहं मोटार वायंडिंगचं दुकान हाये, मागं घर. पाण्याच्या जळालेल्या मोटारी येतेत, जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची. हात कामात, डोकं रिकामं. डबी शर्टाच्या खिशात, वायर कानात, आन् कव्वाली चालू. दुसऱ्याच दिवशी उंदरानं एका कानाची वायर कुरतडली. मी ती कापून फेकली. एक कान गाण्याला, एक कान गिऱ्हाइकाला, बराबर सोय झाली.

समोर कडूबाचं चहाचं हॉटेल. कडूबा माहा शाळेपासूनचा दोस्त. तो चहा घेऊन आला, माह्या खिशाकडं पाह्यलं, कानाकडं पाह्यलं, आन् त्याचा चेहराच पडला. त्याच्या मामाला असंच ऐकू यायचं मशीन व्हतं, खिशात डबी आन् एका कानात वायर.

"धर्मा," तो वरडला, "कान गेला का रे?"

आता इथं माही थोडीशी चूक झाली. थोडीशीच. तोंडातून निघून गेलं, "क्काय?"

"कान! कान!"

"खाणं? झालं की मघाशीच."

बस. एवढ्यावर कडूबानं अख्ख्या गावाला सांगितलं. आठ दिवस जो तो माह्यापाशी येऊन नरड्याच्या शिरा ताणून वरडायचा. मोटार कशी जळाली ते मला, वर एसटीतल्या पॅसिंजरला बी कळायचं. मी मान हलवायचो आन् "फॅन? फॅन मी करीत न्हाई," म्हणायचो. आतून पोट धरून हसायचो.

पण माणूस बहिरा हाये म्हणलं की लोक त्याच्या तोंडावर त्याचीच निंदा करतेत, हे मला ठाऊक नव्हतं. माह्यापासून चार हातावर उभं राहून कडूबा एका गिऱ्हाइकाला म्हणला, "माणूस सोन्यासारखा, पण तार हलकी घालतो." हलकी! मी! जालन्याला सवता जाऊन, दात लावून पाहून तार आणतो मी! दुसऱ्या दिवशी कडूबाच्या साखरेच्या डब्यात मीठ कसं गेलं ते मला इचारू नका.

माही बायको द्वारका रोज म्हणायची, "आवं, बंद करा हा तमाशा. घरात पोरीची सोयरीक चालू हाये."

सोयरीक परतूरची व्हती. पोरगा जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. माही शिवकन्या डी.एड. झालेली. पोरगा पाहायला आला तव्हा त्यानं तिला एकच इचारलं व्हतं, "पुढं शिकायचं का?" त्या एका प्रश्नावर माही पोरगी पंधरा दिवस घरात गुणगुणत फिरून राह्यली व्हती. येत्या रईवारी पाव्हणे येऊन सुपारी फोडायची, असं ठरल्यालं.

शुक्रवारी पोराच्या बापाचा, अण्णासाहेबांचा फोन आला, द्वारकानं उचलला. "येतो आम्ही. पण काही गोष्टी नव्यानं बोलाव्या लागतील." फोन बंद.

नव्यानं काय बोलायचं? शिवकन्येचं गुणगुणणं त्या मिनिटाला थांबलं. द्वारकानं माह्याकडं असं पाह्यलं की मी उठून सरळ कडूबाच्या हॉटेलात गेलो. आमच्याकडं सोयरीक करायची म्हणलं की पाव्हणे गुपचूप गावात येतेत, चहाच्या हॉटेलात बसतेत आन् घराणं कसं हाये ते इचारतेत. घरात गोड बोलायला समदेच बसलेले असतेत, खरं काय ते हॉटेलातच कळतं म्हणून.

"परतूरचं कोणी आल्तं का?" मी इचारलं.

"चतुर्थीला आल्ते!" कडूबा माह्या कानात वरडला. "गणपतीचं दर्शन करून इथंच बसले! मी लई तारीफ केली तुही! म्हणलं, घराणं एक नंबर, पोरगी गुणाची! फक्त बाप बहिरा झालाय, तर डाव्या बाजूनं बोलत जा!"

"आरं, मी बहिरा न्हाई!"

"मशीन चांगलं हाये मंग!"

मी वायर उपसून काढली. "आता बोल. हळू बोल."

"व्हटाकडं पाहून वळखतो का रं तू?"

माहं डोकं फिरलं. मी त्याची मान धरली, वायर त्याच्या कानात कोंबली आन् बटन दाबलं. कडूबा आधी दचकला, मंग त्याची मान हलायला लागली.

"आरं, हे तर गाणं म्हणून राह्यलं!"

"तेच करतं ते! दुसरं काही करीत न्हाई!"

मला वाटलं आता तो माफी मागंल. माफी! तो माह्यावरच उखडला. "आठ दिवस माहं नरडं बसलं वरडू वरडू! मी तुह्यासाठी नवस बोललो गणपतीला! आन् तू गाणे ऐकून राह्यला व्हता?"

"तू पाव्हण्यापाशी माह्या कानाची गोष्ट कामून काढली?"

"त्यांनी इचारलं! खोटं सांगू का?"

सोयरीक माही मोडायला आली आन् राग कडूबाला.

रईवारी सकाळी द्वारकानं डबी काढून घेतली आन् कणगीत टाकली. "आज सरळ बोलायचं. ऐकू येतं ते दाखवायचं. एक जरी 'क्काय' निघाला तर मी हाये आन् तुमी हायेत." शिवकन्येनं निळी साडी नेसली व्हती. पोहे करता करता दोनदा दारापर्यंत येऊन बाहेर पाहून गेली. मी बी मनात गणपतीला सांगितलं, आज धर्मराज सज्जन.

अकराच्या जीपनं पाव्हणे आले. अण्णासाहेब, त्यांचे मोठे भाऊ काकासाहेब, आन् पोरगा. सतरंजीवर बसले. अण्णासाहेबांनी हात जोडले आन् "राम राम!" असा आवाज दिला की वरची चिमणी उडाली. मी "राम राम, प्रवासाला..." म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माह्या कानाकडं पाह्यलं आन् भावाकडं वळून साध्या आवाजात म्हणले, "मशीन काढून ठिवलं दिसतं. लाजला असंल. बरं झालं, मोकळं बोलता येईल."

माहं तोंड तसंच मिटलं.

काकासाहेब म्हणले, "मंग मोडायची का?"

"मोडायची कशाला? पोरगी कामाची हाये. बहिऱ्याच्या घरातली, दुसरीकडं कोण करणार? मोटारसायकल मागू. ना म्हणायची हिंमत न्हाई व्हायची."

"सावळी बी हाये. कलर टीव्ही टाका त्याच्यात."

"टाकू."

माह्याकडं पाहून दोघं बी हसले, गोड. मी बी हसलो. दुसरं काय करणार? आयुष्यभर मी लोकाह्यच्या खोड्या केल्या, पण दर वेळेला आतून गुदगुल्या व्हायच्या. आज आतून मोटार जळाल्यासारखा वास येऊन राह्यला व्हता. माह्या घरात, माह्या सतरंजीवर बसून, माह्याच तोंडासमोर माह्या पोरीला टीव्ही जोडून राह्यले! आन् पोरगा? तो मास्तर सतरंजीचे दोरे मोजून राह्यला व्हता.

"काय म्हणले?" मी कानाला हात लावून इचारलं. "क्काय?"

आत द्वारकाच्या हातातून काहीतरी आपटलं.

"पाऊसपाणी इचारून राह्यलो!" अण्णासाहेब वरडले.

तव्हा मला दारात शिवकन्या दिसली. हातात पोह्याच्या ताटल्या. ती कव्हापासून उभी व्हती ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं व्हतं. मला वाटलं, आता रडंल आन् आत पळंल. पण तिनं माह्याकडं पाह्यलं. तिच्या बापाचे कान कसे हायेत ते तिला चांगलं ठाऊक. मी आठ दिवस ज्या तोंडानं लोकाह्यला बनवत व्हतो, तेच तोंड तिनं केलं.

मी म्हणलं, "शिवकन्ये, पाव्हणे काय म्हणून राह्यले? मला काही ऐकू येईना बाई."

तिनं ताटल्या खाली ठिवल्या. जवळ आली, माह्या कानापाशी दोन्ही हातांचा भोंगा केला, आन् वरडली.

"आप्पा! अण्णासाहेब म्हणतेत! तुमी बहिरे हायेत! म्हणून मोटारसायकल मागायची!"

"काय?"

"मोटारसायकल! आन् काकासाहेब म्हणतेत! मी सावळी हाये! म्हणून कलर टीव्ही बी!"

समोर कडूबाच्या हॉटेलातले कप थांबले. एसटीची वाट पाहणारे लोक दुकानाकडं वळले.

"हळू! हळू बोल पोरी!" अण्णासाहेब अर्धे उठले.

"हळू बोललं तर आप्पाला ऐकू येत न्हाई!" ती त्याच आवाजात वरडली. "आन् म्हणले! बहिऱ्याच्या पोरीला! दुसरं कोण करणार!"

तव्हा मी साध्या आवाजात म्हणलं, "अण्णासाहेब, माहे कान चांगले हायेत. तुमी आल्यापासूनचा एकूण एक शब्द ऐकला मी."

त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. मंग ते माह्यावरच उलटले. "फसवणूक हाये ही! असल्या घरात आम्ही सोयरीक करीत न्हाई!"

"मी फसवलं? मी कानाचं खोटं बोललो, कबूल. पण अडला माणूस सापडला म्हणून त्याच्या पोरीवर टीव्ही कोणी चढवला? मी?"

"तुमची जीभ..."

"जीभ बी चांगली हाये. उठा."

ते उठले. बाहेर एवढी गर्दी जमल्याली की त्यांना चपला सापडंनात. पोरगा सगळ्यांच्या मागं राह्यला. शिवकन्येकडं पाहून बारीक आवाजात म्हणला, "मी तर काहीच बोललो न्हाई."

"तेच म्हणून राह्यले मी," ती म्हणली.

तो गेला. ती आत गेली आन् दार लावून घेतलं.

द्वारकानं मला दुपारभर सोडलं न्हाई. "तुमी पयलेच सरळ राह्यला असता तर हे झालं नसतं."

"मंग हे लोक कसे हायेत ते लग्न झाल्यावर कळलं असतं."

"म्हणजे आता सवताला शाबासकी देऊन राह्यले का? पोरगी आत रडती हाये."

रडती हाये, हे मला बी ऐकू येऊन राह्यलं व्हतं. त्या टायमाला कोणी मला खरंच बहिरं केलं असतं तर मी ना म्हणलं नसतं.

दिवे लागायच्या टायमाला दार उघडलं. शिवकन्या बाहेर आली, पाव्हण्यासाठी केलेल्या गार पोह्याची ताटली उचलली आन् उंबऱ्यात बसून खायला लागली. डोळे सुजलेले. निम्मी ताटली झाल्यावर ती थांबली.

"आप्पा," ती म्हणली, "मी अजून जोरात वरडायला पाह्यजे व्हतं. परतूरला ऐकू गेलं नसंल."