जड खडा

पारख्याने चिमट्याने पहिला खडा उचलून वजनकाट्याच्या ताटलीत ठेवला आणि काचेचं दार लावून घेतलं.

"टेबलावर रेलू नका. नुसत्या श्वासानंही आकडा हलतो."

दोघी बहिणी मागे सरकल्या. आई गेल्यापासून त्या कामापुरतंच बोलत होत्या. अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं थोरलीने केलं होतं. धाकटी आली ती थेट अंत्यविधीला. आता आईच्या कानातल्यांतला एकेक हिरा दोघींनी घ्यायचा होता.

"पन्नास सेंट," पारखी म्हणाला. "शंभर सेंटचा एक कॅरेट, म्हणजे हा अर्धा. ग्रॅमचा दहावा हिस्सा."

"एवढुसाच?" धाकटी पुटपुटली.

दुसऱ्या खड्याचा आकडा ब्याऐंशीवर थांबला. पारख्याने तो काढून पुन्हा तोलला. तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला आणि ती बाहेर गेली.

पारख्याने दोन्ही खड्यांची रुंदी-उंची मोजली, मग भिंगातून पाहिलं.

"ताई, मापाला दोन्ही सारखे आहेत. मग वजनही सारखंच भरायला हवं. असल्या नकली खड्यापेक्षा त्याच मापाचा हिरा हलका असतो. हा जड भरतोय तो नकली आहे."

थोरलीला आठवलं, एकदा आईने कितीतरी दिवस केरसुणीला कुणाला हात लावू दिला नव्हता. केर स्वतः काढायची आणि भरलेली सुपली खिडकीशी नेऊन चिवडत बसायची. विचारलं तर खेकसायची. त्या दिवसांत तिचे कानही मोकळेच असायचे.

"तिला सांगू नका," थोरली म्हणाली.

"अहो, पण..."

"जड तोच मागेल ती. लहानपणापासून मोठा वाटा तिचाच. घेऊ दे."

पारखी चष्मा काढून पुसत राहिला.

धाकटी परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती खुर्चीत बसलीच नाही.

"जड कुठला?"

पारख्याने बोट दाखवलं.

"तो ताईला द्या." मग बहिणीकडे न बघता म्हणाली, "माझ्या हातून आईचं काहीच झालं नाही गं. आता नाही म्हणू नकोस."

धाकटीने खडा उचलून थोरलीच्या तळहातावर ठेवला. तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली, आणि तशीच धरून ठेवली.

"किती गार पडलाय हात तुझा," ती म्हणाली.