बाबांना सांगितलेलं वाक्य

तैवानच्या किलुंग बंदरात चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यात, मेलेल्यांचं दार उघडं असतं तेव्हा, शहाणं माणूस नवीन काही सुरू करत नाही. घर बदलत नाही, लग्न ठरवत नाही, साधी स्कूटरसुद्धा घेत नाही. पण पेई-रोंगला सुट्टी मिळाली ती नेमकी त्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, आणि या पोरीच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायची कुणाची बिशाद नव्हती. तिचे वडील होते तेव्हा त्यांचीही नव्हती.

"आई, कम्प्युटरला कसला आलाय सातवा महिना?" ती म्हणाली. "शेजारच्या काकूंना मुलाच्या आवाजात फोन आला की नाही? आवाज चोरतात हल्ली. बाबांचे सदतीस आवाज या जुनाट खोक्यात उघडे पडलेत."

आईने, यिन-ह्वाने, कम्प्युटरवर हात ठेवला. तिचा नवरा बंदरात टगबोट, म्हणजे मोठी जहाजं ओढणारी बोट, चालवायचा. घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आदल्या आठवड्यात त्याने या कम्प्युटरसमोर बसून सदतीस ध्वनिमुद्रणं केली होती. गॅसचा नळ कसा बंद करायचा, कुठल्या डॉक्टरवर विश्वास ठेवायचा नाही, आणि पहिल्या क्रमांकावर नुसतंच, "यिन-ह्वा, ऐकतेस ना? मी बोलतोय." पुढे अकरा महिने तो जगला, पण गळ्यातल्या भोकातून शिट्टीसारखा श्वास तेवढा यायचा. आवाज म्हणून तिच्याकडे उरलं होतं ते एवढंच.

"मग बाबांना विचार आधी," ती म्हणाली. "कम्प्युटर त्यांचा आहे."

देव्हाऱ्यात बाबांच्या नावाची पाटी होती, तिच्यापुढे लाकडाच्या दोन चंद्रकोरी टाकल्या. एक पालथी, एक उताणी पडली तर होकार, दोन्ही उताण्या तर हसू. दोन्ही उताण्या पडल्या. परत टाकल्या, परत तेच.

"हसतायत," पेई-रोंग म्हणाली.

"तुझ्यावरच हसत असतील."

तिसऱ्यांदा होकार आला, आणि लागोपाठ तीन वेळा आला. पेई-रोंगने सगळं पुसून लिनक्स घातलं, अख्खी डिस्क कुलूपबंद केली आणि ध्वनिमुद्रणं परत आत ठेवली. ज्या पेन ड्राइव्हवर ती मधल्या वेळात ठेवली होती, तोही पुसून टाकला. "प्रत कुठे फिरता कामा नये," असं तिचं म्हणणं. मग कम्प्युटरने नीट वागावं म्हणून, इथे सगळेच ठेवतात तसं, मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट वर ठेवलं. कम्प्युटर-सुरक्षेच्या कंपनीत नोकरी करणारी पोरगी, पण पाकिटावरची तारीख दोनदा तपासून बघितली.

"आता एक लांबलचक वाक्य हवं. चालू करताना दरवेळी टाकायचं. चुकलं की डिस्क उघडणार नाही, मग मीच काय, बनवणाराही काही करू शकत नाही."

यिन-ह्वाने वाक्य दिलं, 'तुझ्या हातचं शिंपल्यांचं सार खारट झालंय'. तो चौतीस वर्षं हेच म्हणायचा आणि दोन वाट्या संपवायचा.

पेई-रोंग संध्याकाळच्या गाडीने तैपेईला जायला निघाली. ती बॅग भरत होती तेवढ्यात यिन-ह्वाच्या मनात आलं, कम्प्युटर यांचा आणि यांनाच कुलपाबाहेर ठेवायचं? ती देव्हाऱ्यापुढे गेली, उदबत्ती लावली आणि सवयीने खणखणीत आवाजात म्हणाली, "अहो, कम्प्युटरला आता वाक्य लागतं बरं का. लक्षात ठेवा," आणि ते वाक्य दोनदा म्हणून दाखवलं. वय झाल्यावर त्याला एकदा सांगून भागायचं नाही.

पुढचं दार सताड उघडं होतं. दारात मेज मांडलेलं होतं, त्यावर अख्खं कोंबडं, भात, बिअरचे डबे, तोंड पुसायला ओला पंचा. ज्यांना घर नाही, मागे कोणी नाही, अशा भटक्या मेलेल्यांसाठी त्या दिवशी गल्लीतलं प्रत्येक घर मेज मांडतं. त्यांना भूत म्हणत नाहीत, भाऊमंडळी म्हणतात. त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून या महिन्यात लोक एकमेकांना पुऱ्या नावाने हाकसुद्धा मारत नाहीत. हे यिन-ह्वाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण नवऱ्याशी बोलताना कोण एवढा विचार करतं?

दोन दिवसांनी तिने नववा क्रमांक लावला. गॅसच्या नळाचं बोलणं ऐकायचं होतं. एक अनोळखी बाई म्हणाली, "पाणी आहे का कुणाकडे? माझ्या आईला सांगा, बोट उलटली." बस्स, एवढंच. नवऱ्याचा आवाज त्यात कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाविसाव्यात एक म्हातारा आपलं घर अजून उभं आहे का ते विचारत होता. मग चौथ्यात कोणीतरी परक्या भाषेत रडत होतं. रोज एक तरी जायचं. यिन-ह्वाने घाईघाईने उरलेल्यांची प्रत फोनवर उतरवली. लावून पाहिली तर नुसती खरखर.

सव्वीस तारखेपर्यंत अकरा गेली. तिने पेई-रोंगला फोन केला, आणि पेई-रोंगने सांगितलं तशी बटणं दाबून, कम्प्युटर केव्हा केव्हा उघडला त्याची पडद्यावरची यादी वाचून दाखवली.

"कुलूप कोणी फोडलेलं नाही, आई. दरवेळी बरोबर वाक्य टाकूनच उघडलंय. कुणाला सांगितलंस?"

"कुणाला कशाला सांगू?"

"आई."

"तुझ्या बाबांना सांगितलं."

"मोठ्याने?"

यिन-ह्वाने देव्हाऱ्याकडे बघितलं.

"दार उघडं होतं?"

"पंधरावा दिवस होता. दार बंद करून कसं चालेल?"

एरवी पेई-रोंग खो-खो हसली असती. आज हसली नाही. "अजून एक आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "रोज सकाळी पाच पन्नासला एक नंबरचं उघडलं जातंय. त्याला धक्का लागलेला नाही. कोणीतरी नुसतं ऐकून जातंय."

पाच पन्नास ही नवऱ्याची चहाची वेळ. अकरा महिने मुका राहिलेला माणूस रोज सकाळी घरी येत होता, आणि स्वतःचा आवाज ऐकून परत जात होता.

"वाक्य बदलू या," पेई-रोंग म्हणाली. "पण बाबांना सांगायचं नाही. पुटपुटायचंसुद्धा नाही."

"म्हणजे त्यांनी बाहेर उभं राहायचं?"

"आई, सव्वीस उरलेत. भाऊमंडळींचं दार बंद व्हायला अजून तीन दिवस आहेत. त्यांना सांगितलंस की सगळ्यांना सांगितलंस."

यिन-ह्वाने वाक्य बदललं. नवीन वाक्य तिने मनातसुद्धा सावकाश म्हटलं नाही. ते इथेही सांगता येणार नाही, कोण वाचतंय कुणास ठाऊक.

सत्ताविसाला सकाळी ती कम्प्युटरसमोर चहा घेऊन बसली. पाच पन्नासला यंत्र आपसूक चालू झालं, वाक्याची चौकट आली आणि तिच्यात एकेक ठिपका उमटायला लागला. सावकाश, मध्येच थांबत. ठिपके ओळभर झाले. वाक्य चुकलं. पुन्हा पहिल्यापासून ठिपके. तो शिंपल्यांच्या साराचंच वाक्य टाकत होता, दुसरं टाकणार काय? सात वेळा झालं. तिने दोन्ही हातांनी ओठ मिटून धरले होते. सांगून टाकावं असं तिला इतकं वाटलं, की जीभ चावून रक्त आलं.

अठ्ठाविसाला नऊ वेळा.

एकोणतिसाला, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, तिने रात्रीच ठरवून ठेवलं होतं. वाक्य सांगायचं नाही, पण ऐकवायला कुणाची बंदी आहे? पाच पन्नासच्या जरा आधी तिने कीबोर्डवर स्वयंपाकघरातलं फडकं अंथरलं, हात फडक्याखाली घातले आणि न बघता, चाचपडत अक्षरं दाबायला लागली.

मागे शिट्टीसारखा श्वास ऐकू आला. अगदी खांद्यापाशी.

"अहो, बसा," ती न वळता म्हणाली. तिला आनंद झाला होता हे खरं. "बसा, लावते. तुम्ही फक्त ऐका. वाक्य विचारू नका."

श्वास आणखी जवळ आला. ती निम्म्यात पोचली होती. तेवढ्यात फडक्याचा कोपरा उचलला गेला. कोणी चोरून बघावं तसा, अगदी हळूच. खोलीत आणखी कोण कोण उभं आहे ते तिला दिसत नव्हतं, पण दारापर्यंतची हवा एकदम गार पडली होती. कोपरा आणखी वर गेला. आता अक्षरं दिसली असती, त्याला आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना.

तिने फाडकन चापट मारली.

चापट हातावर बसली. हात ओला होता, बर्फासारखा गार. अनामिकेचं पहिलं पेर नव्हतं. ते लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी टगबोटीच्या दोरात सापडून गेलं होतं, आणि तिनेच दवाखान्यात रात्रभर तो हात मांडीवर घेतला होता.

हात मागे गेला. श्वास थांबला. फडकं जागेवर पडलं.

"अहो," ती म्हणाली. मग जोरात, "अहो! तुम्हाला नव्हतं मारायचं मला!"

संध्याकाळी बंदरावरच्या देवळात घंटा वाजली, महिना संपला, आलेले सगळे परत गेले. सव्वीस आवाज शाबूत आहेत. पेई-रोंगने त्यांच्या तीन प्रती काढल्या, आणि एकीतही खरखर नाही.

पहिला क्रमांक यिन-ह्वा रोज पाच पन्नासला लावते, दार उघडं ठेवून, आवाज मोठा करून. "यिन-ह्वा, ऐकतेस ना?" तो विचारतो. ती ऐकते. ऐकायला दुसरं कोणी येत नाही.