तेल गळतं, तरी वाढतं

चष्मेवाल्यांच्या अंगणात उभी असलेली कॅम्पर व्हॅन त्यांच्या मुलीपेक्षा थोडीशीच धाकटी होती, आणि हट्टीपणात दोघी सारख्याच. आत एक पलंग, एक शेगडी, एक एवढंसं बेसिन. सुट्टी आली की चष्म्यांच्या दुकानाला कुलूप लावून नवरा-बायको या गाडीतून भटकायला निघत. आता दुकानाला कायमचंच कुलूप लागलं होतं, वेळच वेळ होता, तर गाडीनं तेल गाळायला सुरुवात केली.

मुलीनं फोनवर बजावलं, "बाबा, रविवारी मी गिऱ्हाईक घेऊन येते. तोवर गळती थांबली तर ठेवा, नाहीतर विकून टाका. भर रस्त्यात बंद पडली तर आईला घेऊन काय करणार तुम्ही?"

बायको शेजारीच भाजी निवडत होती. ती हूं की चूं करेना. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती गाडीत एकदाही चढली नव्हती. तिलाही ही ब्याद नकोच असणार, असं चष्मेवाल्यांनी धरून टाकलं आणि मनातून फार खट्टू झाले. तळ्याकाठी गाडी लावायची, शेगडीवर चहा ठेवायचा आणि तिच्या शेजारी नुसतं बसायचं, एवढंच तर त्यांना पुन्हा एकदा हवं होतं.

मेकॅनिकनं इंजिनाच्या झाकणाखालचं गॅस्केट बदललं. "काका, आता थेंब पडला तर माझं नाव बदला," म्हणाला. थेंब पडला. मग त्यानं मागचं सील बदललं. गाडीखाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर पुन्हा काळा डाग. इथवर एक वेळ ठीक होतं. पण चष्मेवाल्यांनी तेल मोजायची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली, तर तेल वरच्या खुणेच्याही वर! गळतंय म्हणजे कमी व्हायला हवं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेल तिथंच.

मेकॅनिक चक्रावला. पेट्रोल मिसळतंय म्हणावं, तर वास नाही. पाणी मिसळतंय म्हणावं, तर तेल दुधाळ झालेलं नाही. शेवटी त्यानं जादा तेल काढून टाकलं. "तेल जास्त झालं की आत दाब वाढतो, मग मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. म्हणून गळतंय. आता जास्त कशानं होतंय, ते मात्र मला विचारू नका."

पुढच्या तपासणीला तेल पुन्हा वर! चष्मेवाल्यांचं डोकं काम करेना. गळती सुरू झाली तेव्हा मेकॅनिकच्याच सांगण्यावरून ते रोज कपभर तेल घालत. गॅस्केट बदललं आणि त्यांनी ते बंद केलं. की केलंच नाही? आपला विसरभोळेपणा घरात प्रसिद्ध. आपणच झोपेत उठून ओतत नाही ना, अशीही शंका त्यांना चाटून गेली.

शनिवारी सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर उठले. खिडकीतून पाहतात तो गाडीचं बॉनेट उघडं, आणि स्वयंपाकघरातलं नरसाळं हातात धरून बायको इंजिनात वाकलेली.

"अगं, काय चाललंय?" ते धावतच बाहेर आले.

"तेल घालतेय. नाहीतर इंजिन जाईल, असं तो मेकॅनिकच म्हणाला होता ना? तुम्ही चार दिवस घातलंत आणि विसरलात. शेगडीवर दूध ठेवून पेपर वाचणारे तुम्ही!"

"विसरलो नाही! गॅस्केट बदललं म्हणून थांबलो!"

"मग तसं सांगायचंत की मला."

"पण तुला तर ही गाडी नकोय ना?"

"कोण म्हणालं?" बायको उसळली. "रोज दुखरा गुडघा ओढत इथवर येते, ती काय हौस म्हणून? गाडी विकणार असाल तर तिच्याबरोबर मलाही देऊन टाका."

चष्मेवाल्यांचा चेहरा एकदम खुलला. मग म्हणाले, "पण ओतायचं तरी किती? पट्टीवरची खूण बघत नाहीस?"

"बघते की. पट्टी काळी, खूण काळी. दिसतंय कुठे काय? अंदाजानं घालते."

चष्मेवाल्यांनी तिच्या चष्म्याकडे पाहिलं. काडीला दोरा गुंडाळलेला. तो त्यांनीच कधीतरी गुंडाळून दिला होता. काचा कुठल्या काळातल्या, त्यांनाही आठवेना. अर्ध्या गावाच्या नाकावर त्यांनी चष्मा चढवला होता. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी मेकॅनिकनं पोट धरधरून हसत जादा तेल काढलं. रविवारी नवा पुठ्ठा कोरडा ठणठणीत. "गाडी विकायची नाही," असं सांगून चष्मेवाल्यांनी गिऱ्हाइकाला फाटकातूनच वाटेला लावलं. मुलगी आत येऊन बघते तर गाडीच्या मागच्या दारावर दुकानातला डोळे तपासायचा जुना अक्षरांचा तक्ता टांगलेला, आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत आई.

"हं, खालची ओळ वाच," चष्मेवाले म्हणाले.

बायकोनं डोळे बारीक केले. "खालची कुठली? एकच तर आहे."